कूलर की एसी? आधी ठरवा, विचारायचं कुणाला

नागपुरात होळी झाली की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सज्ज्यावर झाकून ठेवलेला कूलर उतरवायचा, नवा घ्यायचा, की यंदा एसीच लावून टाकायचा? किमती दुकानात कळतात. पण आपल्या भिंतींना, आपल्या गच्चीला, आपल्या पाण्याला आणि वीजबिलाला काय झेपेल, हे सांगणारं भरवशाचं कुणी मिळणं अवघड असतं. याबाबत दोन मतं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. एक म्हणतं, गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. दुसरं म्हणतं, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, मोजलेले आकडे पाहा. दोन्ही मतं मला मोलाची वाटतात, म्हणून त्यांना इथे एका मामा-भाचीच्या तोंडी समोरासमोर बसवलं आहे. मामांचा जन्म नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात गेला. भाची रत्नागिरीत वाढलेली, नोकरीसाठी नागपुरात आलेली. बेसा भागात चौथ्या मजल्यावर तिने फ्लॅट घेतला आहे. वर थेट गच्ची आणि झोपायची खोली पश्चिमेला.

मामा : मार्च सरत आला बेटा, अजून ठरवलं नाहीस? एप्रिल लागला की कूलरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो. माझं ऐक. पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर घे, खिडकीला बाहेरून बसव. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या हेच चालत आलं. त्याआधी खसच्या ताट्या होत्या.

भाची : तुमच्या घरी चाललं ते माझ्या घरी चालेल कशावरून, मामा? ऑफिसात विचारलं तर एक जण म्हणाला, नागपुरात कूलरसारखं दुसरं काही नाही. दुसरी म्हणाली, कूलरनं अंग चिकट होतं, एसीच घे. दुकानदार म्हणाला दीड टन, शेजारचे म्हणाले एक टन पुरे. सगळे इथलेच राहणारे. मग खरं कुणाचं मानू?

मामा : सगळ्यांचंच खरं असेल. जिचं अंग चिकट होतं तिला विचार, कूलर खोलीत ठेवतेस की खिडकीबाहेर? समोरचं दार उघडं असतं की बंद? कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो. जेवढी आत आली तेवढी दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. कूलर खोलीत ठेवून दारं लावून घेतली तर तीच ओली हवा फिरत राहते. मग अंग चिकट होईल नाही तर काय? इथलं लहान पोरही हे सांगेल.

भाची : मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या माणसाला ते इतकं सवयीचं आहे की नव्या माणसाला सांगावं लागेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तुमच्या माहितीची पहिली अडचण ही. आणि दुसरी अशी की ती कुठवर लागू पडते हे त्या माहितीत नसतं. रत्नागिरीत आम्ही भर मे महिन्यात कूलर लावून पाहिला. दारं-खिडक्या सताड उघड्या, तरी काडीचा उपयोग झाला नाही.

मामा : कोकणात कूलर? तिथे हवाच ओली.

भाची : ओली म्हणजे किती, हे मोजता येतं. एक साधी तापमापी घ्यायची आणि दुसरीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं. दोन्हींतला फरक हीच कूलरची सगळी कमाई. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १८ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या तापमापीवर साधारण साडेचोवीस अंश दिसतात. चांगल्या कूलरला यातला तीन-चतुर्थांश फरक गाठता येतो, म्हणजे आत येणारी हवा २९-३० अंशांची. तेच रत्नागिरीत ३३ अंश आणि ६८ टक्के आर्द्रता धरली तर ओली तापमापी २८ दाखवते. मधे उरले पाच अंश. कूलर कितीही महाग घ्या, हवा २९च्या खाली येणार नाही आणि वर ती ओलीचिंब असेल.

मामा : म्हणजे मी म्हटलं तेच तू आकड्यांत सांगून राहिलीस.

भाची : तेच, पण आकड्यांमुळे ते कधी लागू पडणार नाही हेही कळतं. जुलैत नागपुरातही ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते. तेव्हा तुमचा कूलर रत्नागिरीतल्या कूलरसारखाच निकामी. "कूलर घे" म्हणालात, कोणत्या महिन्यांसाठी ते सांगितलं नाहीत.

मामा : विचारलं असतंस तर सांगितलं असतं. नवतपाचे नऊ दिवस कूलर खरा जोरात. मृग लागला, दोन दमदार पाऊस झाले की कूलरचं पाणी काढून टाकतो आणि नुसता पंखा लावतो. आमच्याकडे तारखेऐवजी नक्षत्र असतं, एवढंच. माणसाला विचारण्याचा हाच फायदा आहे बेटा. कागदाला उलट प्रश्न करता येत नाही, मला करता येतो.

भाची : मग एक उलट प्रश्न विचारते. तुमच्या घराच्या भिंती किती जाड आहेत?

मामा : दीड-दोन फूट. मातीच्या. खालच्या खोलीत भर दुपारीसुद्धा चटका लागत नाही.

भाची : माझ्या भिंती वीतभरही नाहीत आणि डोक्यावर पाच इंची स्लॅब आहे. ती दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता खाली सोडत बसते. तुमची खालची खोली दुपारी राहण्याजोगी असते. माझ्या खोलीत रात्री दहा वाजताही छत गरम लागतं. महाल आणि बेसा एकाच शहरात आहेत, पण उन्हाळ्याच्या हिशेबात ही दोन वेगळी गावं झाली. त्यामुळे "मी नागपूरकर आहे, मला ठाऊक आहे" एवढ्यावर मी विश्वास कसा ठेवू? मला त्याच दिशेची, त्याच मजल्यावरची, तसल्याच स्लॅबखालची माहिती हवी.

मामा : हे मान्य. मग तुझ्या बिल्डिंगच्या शेजारच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोण राहतं ते शोध. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं ऐकू नको, त्याच्या डोक्यावर तुझं घर सावली धरून आहे. आणि त्या माणसाला आधी मशीनचं विचारू नको. गच्चीचं काय केलं ते विचार. लोक हजारो रुपयांचं यंत्र घेतात आणि डोक्यावरची तापलेली स्लॅब तशीच ठेवतात. गच्चीला पांढरा चुना मार. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई नाही तर हिरवी जाळी बांध. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. आतून पडदा लावला तर तोवर ते घरात शिरलेलं असतं.

भाची : हे अगदी बरोबर आहे आणि याला बाहेरूनही दुजोरा मिळतो. २०१० सालच्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम त्यात आलं. तेलंगणानं तर २०२३ मध्ये शीत छतांचं वेगळं धोरणच आणलं. पांढऱ्या छपराखाली खोलीत साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं या कामांत सांगितलं जातं. पण पाहा, नक्की किती फरक पडेल ते छप्पर पत्र्याचं की सिमेंटचं, खाली किती हवा खेळते, यावर ठरणार. माझ्या गच्चीवर किती, हे मला माझ्या खोलीत तापमापी लावूनच कळेल.

मामा : लाव की. साधी तापमापी काही महाग नाही. फक्त फोनमधलं तापमान बघून ठरवू नको. लोक सकाळी उठून फोनमध्ये आकडा पाहतात आणि दिवसभर त्यावर बोलत राहतात.

भाची : इथे आपलं जमलं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले. रामदासपेठेतल्या त्या केंद्राचा आकडा देशभर पोचला. त्याच दुपारी शहरातल्या इतर काही केंद्रांवरचा पारा त्याहून दहा अंशांपेक्षा जास्त खाली होता. मग हवामान विभागानं खुलासा केला की संवेदक बिघडला होता. तो आकडा यंत्रानं मोजलेला होता, सरकारी होता, इथलाच होता. तरीही चुकीचा होता.

मामा : मग तुझ्या मोजमापाचा भरवसा काय राहिला?

भाची : चूक सापडली, हाच त्याचा भरवसा. शेजारी दुसरी केंद्रं होती म्हणून ताडून पाहता आलं आणि जाहीरपणे दुरुस्त करता आलं. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या सल्ल्यात चूक असेल तर ती वीस वर्षं तशीच फिरत राहते, कारण शेजारी ताडायला काही नसतं. आणि हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर ठेवलेल्या तापमापीचं. ते शहराच्या हवेचं आहे, माझ्या स्लॅबचं नाही. कोणता आकडा कशाचा आहे हे कळलं तरच तो कामाला येतो.

मामा : बरं, मग एसीच्या आकड्यांचं बोल. दुकानात गेलं की तो चार-पाच तारे दाखवतो आणि लोक मान डोलावून पैसे देतात. ते तारे कुणी लावले?

भाची : केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं ठरवलेल्या निकषांनुसार ते लागतात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून २००२ मध्ये हा ब्युरो उभा राहिला. पण तारे मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष पाहायचं. निकष मधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ पूर्वी पाच ताऱ्यांसाठी कार्यक्षमतेचा जो अंक साडेचार लागायचा, तो त्यानंतर पाच झाला. म्हणजे ४.६ अंकाचं यंत्र आधी पाच ताऱ्यांचं होतं, तेच नंतर चार ताऱ्यांचं. गोदामात उरलेला जुना माल जुन्या ताऱ्यांवर विकला गेला तर ग्राहकाला पत्ता लागत नाही. म्हणून ताऱ्यांपेक्षा तो अंक वाचायचा. आणि दीड टन म्हटलं तरी सगळी यंत्रं सारखी नसतात. एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॉट थंडावा, त्या हिशेबानं दीड टन म्हणजे सव्वापाच हजार. बाजारात दीड टन नावाखाली याहून बरीच कमी क्षमता असलेली यंत्रंही असतात. ती क्षमता लेबलवर छापलेली असते.

मामा : ती क्षमता मोजताना बाहेर किती तापमान धरलं होतं?

भाची : ३५ अंश.

मामा : ३५! आमच्याकडे ३५ अंश असले की लोक म्हणतात आज बरं आहे. नवतपात ४५ असतात. बाहेरचं यंत्र ज्या हवेत उष्णता टाकतं तीच इतकी तापलेली असेल, तर थंडावा कमी पडणार आणि वीज जास्त लागणार. म्हणजे तुझा कागद दुसऱ्याच गावचा निघाला.

भाची : अर्धा दुसऱ्या गावचा. वर्षाची युनिटं काढताना २४ ते ४३ अंशांपर्यंतचं बाहेरचं तापमान धरतात आणि वर्षातले १६०० तास. म्हणजे रोज आठ तास आणि वर्षातले २०० दिवस. त्यामुळे लेबलवरची युनिटं हे माझ्या बिलाचं भाकीत नाही. मी फक्त ७५ रात्री आठ तास एसी लावला तर ते ६०० तास झाले. पण प्रत्येक तास सरासरीपेक्षा तापलेला. लेबल दोन यंत्रांची तुलना करायला खात्रीचं आहे, कारण दोन्ही एकाच कसोटीतून गेलेली असतात. माझ्या घरात किती वीज लागेल ते सांगायला मात्र ते पुरं पडत नाही.

मामा : त्यासाठी मग शेजाऱ्याला विचारावंच लागतं.

भाची : शेजारी काय सांगतो? "एसी लावल्यापासून बिल दोन हजारांनी वाढलं." हे ऐकून काहीच कळत नाही. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं प्रत्येक युनिट महाग पडतं. ज्याचं घर आधीच २८० युनिटांवर आहे, त्याचं पुढचं जवळजवळ प्रत्येक युनिट महाग टप्प्यातच जाणार. जो १२० वर आहे त्याला तेवढ्याच वापराचा खर्च कमी. म्हणून रुपये विचारायचेच नाहीत, युनिटं विचारायची. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. गेल्या वर्षीचा मे आणि या वर्षीचा मे शेजारी ठेवून पाहायचे.

मामा : आम्ही याहून सोपं करतो. रात्री झोपताना मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी उठून पुन्हा लिहायचा. एक रात्र कूलर, एक रात्र एसी. बाकी घर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला उत्तर हातात.

भाची : मामा, हे मोजमापच झालं की!

मामा : मी मोजायला कधी नाही म्हटलं? माझं म्हणणं एवढंच की मोजायचं कशाला आणि कधी, हे इथे राहिलेल्या माणसाला आधी सुचतं. आता मिस्त्रीचंच घे. एसी बसवायला कंपनीचा माणूस येईल, पुन्हा कधी दिसणार नाही. आमचा मिस्त्री त्याच गल्लीत राहतो. त्याला रोज माझ्यासमोरून जायचं आहे. त्यानं वाईट काम केलं तर चौकात दहा लोक ऐकतील. तुझ्या कोणत्या कागदात ही हमी आहे?

भाची : ही हमी खरी आहे. पण चांगला माणूसही सवयीनं चुकीचं सांगू शकतो. दर उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येतं, "गॅस कमी झाला, भरावा लागेल." एसीतला गॅस बंद नळीत फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच खर्च. बाहेरच्या युनिटवर एक पट्टी असते, तिच्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. मिस्त्रीला विचारायचं : गळती कुठे सापडली, आणि काट्यावर वजन करून किती ग्रॅम भरला? एवढं विचारलं की चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही. त्याला बरं वाटतं की घरातलं कुणी समजून घेतंय.

मामा : हे मी लक्षात ठेवीन. आणि मी एक सांगतो, ते तू लक्षात ठेव. कूलर वापरायचा असेल तर आधी अर्थिंग तपासून घे. लोखंडी पत्रा, ओलं अंग, खालची फरशी ओली आणि पाण्यातला पंप. विदर्भात दरवर्षी कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच हात लावायचा. पोरांना कूलरजवळ जाऊ द्यायचं नाही. दुकानदार यातलं काही सांगत नाही, कारण यात त्याला विकायला काही नाही.

भाची : एक गोष्ट आहे विकायला. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. शरीरातून किंवा पत्र्यातून थोडा जरी प्रवाह जमिनीकडे वळला तरी तो वीज तोडतो. घरात असला आणि महिन्याला एकदा त्याचं चाचणी बटण दाबून पाहिलं तर जीव वाचतो. पंप, वायर, प्लग यांवर आयएसआय खूण आहे का आणि तिच्याखालचा परवाना क्रमांक खरा आहे का, हे बीआयएस केअर नावाच्या ॲपवर पाहता येतं. तरी अर्थिंग हवंच. दोन्ही लागतात.

मामा : आणि दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून घ्यायची. डेंग्यूचा डास असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. नुसतं वरून पाणी ओतत राहणं म्हणजे डासांना घर बांधून देणं.

भाची : पाण्याचा हिशेब तुम्ही कधी केलात का? एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता शोषली जाते. कूलर वीज कमी खातो ती याच जोरावर. पण मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी पितो. दहा तास चालला तर दीडशे-दोनशे लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरतात. म्हणजे एक कूलर घरातल्या एका जास्तीच्या माणसाइतकं पाणी मागतो. माझ्या इमारतीत मे महिन्यात टँकर येतो. कूलर स्वस्त आहे हे तुमच्याकडे खरं, कारण तुमच्याकडे पेंचचं पाणी नळाला येतं. माझ्याकडे टँकरचा खर्च त्यात धरावा लागेल. बोअरचं पाणी घातलं तर गवतावर पांढरे थर चढतात आणि हवा कमी येते.

मामा : मग शेवटी करणार काय? कूलर की एसी?

भाची : आधी गच्चीला चुना आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाळी. तापमापीवर फरक पाहीन. एप्रिल-मे लहान कूलर, दारं उघडी ठेवून, फक्त रात्री. जूनच्या पावसानंतर उकाडा असह्य झाला तर एक टनाचा एसी, तोही २६ वर आणि जोडीला पंखा. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ अंशांवरच लागतात. त्याहून खाली उतरवायची गरज मला वाटत नाही. चुन्यानं छत उतरलं तर दीड टन कशाला?

मामा : हे काही तुला कागदानं सांगितलं नाही आणि मी एकट्यानंही नाही.

भाची : नाही. पण मामा, मला खरी काळजी वेगळीच आहे. मला विचारायला तुम्ही होतात. आमच्या लेआउटच्या टोकाला पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरची माणसं राहतात. भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं आहेत. त्यांना इथे मामा नाही, ओळखीचा मिस्त्री नाही, घरमालक गच्चीला चुना लावू देईल की नाही याचीही खात्री नाही. त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते दुकानदाराचं बोलणं आणि फोनवर फिरणारे संदेश. उन्हाळा सगळ्यात जास्त त्यांनाच भाजतो आणि भरवशाची माहिती सगळ्यात कमी त्यांनाच मिळते. जी माहिती फक्त ओळखीतून मिळते ती कितीही चांगली असली तरी मला अपुरी वाटते.

मामा : यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या काळी वस्ती लहान होती. जो तो कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचा असायचा, म्हणून हे जाणवलं नाही. पण मग उपाय काय? सरकारी पत्रक निघतं, "भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका." तेही हवंच. पण पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता काय करायचं, ते त्यात नसतं.

भाची : म्हणून तुमच्यासारख्यांच्या तोंडी जे आहे ते उघड्यावर यायला हवं, आणि मोजून यायला हवं. महापालिकेच्या प्रत्येक झोन कार्यालयात एक फलक का असू नये? इथे पत्र्याच्या छताला चुना लावल्यावर किती फरक पडला, अर्थिंग तपासायला कुणाकडे जायचं, एसीचा गॅस भरताना पावतीवर काय लिहून घ्यायचं, फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र याच शहरात आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. एका उन्हाळ्यात दहा वस्त्यांमधल्या घरांत तापमाप्या लावल्या तर पुढची कित्येक वर्षं पुरेल इतकं कळेल.

मामा : महापालिका करेल तेव्हा करेल. तोवर?

भाची : तोवर आमच्या इमारतीपासून सुरुवात करते. खालच्या फलकावर एक तक्ता लावते. कुठला मजला, कुठली दिशा, छताला काय केलं, कूलर की एसी, महिन्याची युनिटं, दुरुस्तीला काय खर्च आला. रुपये नाही लिहिले तरी चालेल, युनिटं लिहा. नवा भाडेकरू आला तर त्याला वाचता येईल. वॉचमनलाही वाचता येईल. कुणाला चूक वाटली तर तिथेच दुरुस्त करता येईल. तुम्ही पहिली नोंद द्याल?

मामा : देईन. पण मी महालातला आहे हे आधी लिही, भिंती दीड फुटांच्या आहेत हेही लिही, नाही तर कुणी माझ्या भरवशावर चौथ्या मजल्यावर कूलर लावून बसेल. प्रत्येक नोंदीपुढे महिना टाक. आणि ज्यानं सांगितलं त्याचा फ्लॅट नंबर असू दे, म्हणजे ज्याला शंका आहे तो जाऊन दार वाजवेल आणि उलट प्रश्न विचारेल. तुझं मोजमाप आणि माझी विचारपूस, दोन्ही त्या तक्त्यात राहतील. दरवर्षी होळीला तो नव्यानं लिहा. जुना तक्ता तसाच टांगून ठेवलात तर दोन-तीन वर्षांनी तीही ऐकीव गोष्टच होईल.